उरलेलं जातं कुठे?

त्या बंगल्यातला फ्रिज बंद पडून दोन दिवस झाले होते. थंडोपंतांनी दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. तीस वर्षं फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाला वासाचं काय कौतुक! त्यांना धक्का बसला तो आतला माल बघून. दुधाच्या अकरा पिशव्या. सील न तोडलेले चीजचे डबे. पिशवीतल्या पिशवीत पाणी होऊन बसलेली पालेभाजी. तीन पातेल्यांत तीन वेगवेगळ्या दिवसांचा भात. खालच्या कप्प्यात दोन अख्ख्या कोंबड्या, त्यांच्या पिशव्या फुग्यासारख्या टम्म झालेल्या. आणि घरात माणसं किती, तर दोन.

"बाई, हे सगळं टाकायचं?"

"टाका की," फोनवरची नजर न हलवता बाई म्हणाल्या. "नाहीतरी जागा हवीच होती. आज नवीन सामान यायचंय."

थंडोपंतांनी तीन मोठ्या काळ्या पिशव्या भरल्या आणि फाटकाबाहेरच्या पिंपात नेऊन टाकल्या. शेवटची पिशवी तर दोन हातांनीही उचलेना, फरफटत न्यावी लागली. दुपारी ते घरी जेवायला आले तेव्हा हात तीनदा धुऊनही त्यांना बोटांना वास येत होता.

"अगं, माझा तर विश्वासच बसेना," ते बायकोला म्हणाले. "दोन माणसं! फक्त दोन! आणि त्या तीन पिशव्यांत दहा जणांचं आठवड्याचं जेवण होतं. जगात कोट्यवधी माणसं अर्धपोटी झोपतात, आणि इथे कोंबड्या फुगून फुटायला आल्यात."

"तुम्ही आधी गरम आहे तोवर खा," बायको म्हणाली आणि तिने ताटात वाफाळता भात वाढला.

"आपल्या घरात बघ," पहिला घास घेत थंडोपंत म्हणाले, "एक दाणा वाया जात नाही. एक दाणा!"

बायकोने मान डोलावली. लेक काहीतरी बोलणार होती, पण आईने तिच्याकडे बघितलं आणि लेकीने तोंडात घास घातला.

थंडोपंत हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. धंदा फ्रिजचा आणि स्वभावही थंड, म्हणून बाजारातल्या लोकांनी ते ठेवलं आणि मग तेच चिकटलं. त्यांच्या दुकानाच्या पाटीवर दुसरंच नाव होतं, पण ती पाटी कोणी वाचत नसे. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीला टेकवलेले उघडे फ्रिज, गॅसच्या टाक्या, तारांची भेंडोळी, आणि ठिगळ लावलेल्या एका खुर्चीवर स्वतः थंडोपंत. कॉम्प्रेसरवर नुसता तळहात ठेवून हे यंत्र अजून किती वर्षं जगेल ते सांगत. गिऱ्हाईक ओरडलं तरी यांचा आवाज चढत नसे. एकाच गोष्टीने त्यांचं डोकं फिरायचं, आणि ती म्हणजे टाकून दिलेलं अन्न.

हे त्यांच्या आईकडून आलेलं. आईने घराला एकच नियम घालून दिला होता: चुलीवर चढलेलं अन्न कचऱ्यात जाता कामा नये. आई गेली, चूल जाऊन शेगडी आली, पण नियम तसाच राहिला. घरातल्या कचऱ्याच्या डब्यात भाजीची सालं आणि चहाचा चोथा याखेरीज काही दिसलं तर थंडोपंत त्या दिवशी गप्प होत, आणि त्यांचं ते गप्प होणं ओरडण्याहून वाईट असे. पुढे तर सालंही बायको झाडांच्या कुंड्यांत जिरवायला लागली. आठवड्याचा कचरा एका ओंजळीत मावायचा. थंडोपंत पाहुण्यांना तो डबा उघडून दाखवत. दुसऱ्या कोणी पाहुण्यांना कचऱ्याचा डबा दाखवला असता तर लोकांनी वेड्यात काढलं असतं, पण यांचा अभिमान बघून पाहुणेही मान डोलवत.

जेवण मात्र त्यांना ताजं लागायचं. सकाळचं सकाळी, संध्याकाळचं संध्याकाळी. दिवसभर लोकांचं सडकं बघितलं की घरी तरी वाफ निघणारं ताट समोर यावं, एवढीच त्यांची अपेक्षा असे. आणि पातेल्याचा तळ दिसलेला त्यांना आवडत नसे. "मागितलं आणि नाही म्हटलं, असं या घरात होऊ नये," हेही आईचंच वाक्य. त्यामुळे बायको रोज दोन्ही वेळा थोडं जास्तच रांधायची.

लेक गावातल्या वाचनालयात कामाला होती. तिथे दर महिन्याला कोणीतरी येऊन उपयोगाचं बोलायचं. कधी दातांचा डॉक्टर, कधी वकील. या खेपेला विषय ठरला: घरातलं अन्न वाया कसं जाऊ द्यायचं नाही. लेकीने वडिलांचं नाव सुचवलं आणि थंडोपंतांनी चार दिवस आधीपासून दाढी करताना भाषणाची तालीम सुरू केली.

शनिवारी दुपारी चार वाजता चाळीसेक माणसं जमली. थंडोपंत बोलले छान. दूध दारातल्या कप्प्यात ठेवू नका, तिथे सगळ्यात जास्त ऊब असते. गरम पातेलं तसंच आत ढकलू नका. आधी आणलेलं पुढे, नंतरचं मागे. खरेदीला जाण्याआधी फ्रिज उघडून बघा. मग त्यांनी खिशातून कागदाची पट्टी काढली. "ही फ्रिजच्या दारात अडकवा आणि ओढा. पट्टी सहज निघून आली तर समजा दाराचं रबर गेलं. मग तुमचा फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. आतला दिवा लागतो, घरघर ऐकू येते, आपण निर्धास्त, आणि अन्न आत नासत असतं!"

लोकांनी लिहून घेतलं. शेवटी त्यांनी बंगल्यातल्या तीन पिशव्यांची गोष्ट सांगितली, आणि कोणी "अरे बापरे" म्हटल्यावर त्यांना जोर चढला. "मी आमच्या घराचं सांगतो. एकतीस वर्षांचा संसार. आमच्या कचऱ्याच्या डब्यात आजवर शिजवलेला एक दाणा गेलेला नाही. मनावर घेतलं तर जमतं!"

टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्यांच्या बायकोकडे दोन-तीन बायकांनी वळून कौतुकाने बघितलं. ती खाली बघत होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि एक हात पोटावर दाबून धरलेला होता. थंडोपंतांना वाटलं, लाजली.

रविवारी सकाळी सात वाजता न्हाणीघरात काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. थंडोपंत धावले. बायको फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे, डोळे आत गेलेले. पहाटेपासून कितीदा उलट्या झाल्या ते तिलाच आठवत नव्हतं. "तुम्हाला उठवलं नाही, झोपला होतात," एवढंच ती बोलली आणि तिची मान कलली.

इस्पितळात तिला एका हाताला नव्हे, दोन्ही हातांना सलाइन लावली. लेक कागदपत्रांसाठी खिडकीशी धावली. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली.

"काय खाल्लं होतं त्यांनी? गेल्या दोन-तीन दिवसांत?"

"आम्ही खाल्लं तेच," थंडोपंत म्हणाले. "भात, डाळ, भाजी. सगळं ताजं."

"बाहेरचं काही?"

"छे!"

"तुम्हाला दोघांना काही त्रास?"

"काहीच नाही."

डॉक्टरीण जवळ आली. "काका, त्यांचा रक्तदाब मोजताच येत नव्हता. किडनीवर ताण आलाय. हे ताज्या जेवणाने होत नाही. त्यांनी नासलेलं काहीतरी खाल्लंय, आणि बहुतेक पहिल्यांदा नाही. आतड्याला जुनी सूज दिसतेय. नीट आठवा."

"अहो, मी सांगतोय ना! आमच्या घरात नासलेलं असतंच कुठे? मी स्वतः फ्रिज..."

"बाबा," मागून लेकीचा आवाज आला. कधी परत आली कोण जाणे. "आईचा डबा."

"कसला डबा?"

लेकीने ओठ चावला. "फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात मागे असतो. आदल्या दिवशीचं, त्याच्या आदल्या दिवशीचं. मी दहादा सांगितलं तिला टाकून दे म्हणून. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिने."

"तो घेऊन या," डॉक्टरीण म्हणाली. "काय खाल्लं ते कळलं तर औषध ठरवायला बरं."

थंडोपंत घरी आले. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन पसरलं होतं. फ्रिज नेहमीसारखा घरघरत होता. दार उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण दिवसातून पाच वेळा हे दार उघडतो, पण पाण्याची बाटली घेतो आणि बंद करतो. लोकांच्या फ्रिजपुढे गुडघे टेकून बसणारा माणूस स्वतःच्या फ्रिजपुढे आज पहिल्यांदा बसला.

पुढे भाज्या, दही, लिंबं. सगळं टापटीप. भाज्या बाजूला केल्यावर मागच्या भिंतीला टेकलेला स्टीलचा डबा हाताला लागला. एक नव्हे, तीन. पहिल्यात भात. त्यांनी झाकण काढलं आणि चेहरा मागे घेतला. भाताला तार सुटली होती. दुसऱ्यात भाजीवर पांढरी बुरशी होती, आणि ती एका बाजूने चमच्याने काढून टाकलेली स्पष्ट दिसत होती. काढून टाकलेल्या जागेखालची भाजी खाल्लेली होती. तिसऱ्यात पावाचे तुकडे, दगडासारखे, आणि त्यांच्या कालच्या नव्हे, परवाच्या ताटातला बटाटा. तो त्यांनी ओळखला. अर्धा खाऊन ठेवला होता त्यांनीच. "पोट भरलं," म्हणाले होते.

डबे हाताला गार लागायला हवे होते, तसे लागले नाहीत. सवयीने त्यांनी खिशातून तापमापक काढून खालच्या कप्प्यात ठेवला आणि दार लावलं. पाच मिनिटं ते तिथेच फरशीवर बसून राहिले. मग आकडा बघितला. चारच्या आसपास असायला हवा होता. तेरा होता.

शर्टाच्या खिशात कालची कागदाची पट्टी तशीच होती. त्यांनी ती दाराच्या खालच्या कोपऱ्यात अडकवून ओढली. ओढावीही लागली नाही, पट्टी आपोआप खाली पडली. रबर वीतभर फाटलं होतं. आणि आता त्यांना आठवलं. "अहो, फ्रिजच्या दाराखालून गार हवा लागते पायाला," बायको म्हणाली होती. उन्हाळ्यात एकदा, नंतर पुन्हा एकदा. "बघतो," असं आपण म्हटलं होतं. दुकानात नवीन रबरांची अख्खी गुंडाळी भिंतीला टांगलेली होती.

दिव्याखाली अंधार म्हणतात, पण हा अंधार असा तेरा अंशांवर मोजून हातात येईल असं थंडोपंतांना कधी वाटलं नव्हतं. तीनही डबे पिशवीत घालायला त्यांना इतका वेळ लागला की लेकीचा दोनदा फोन येऊन गेला.

बायको तिसऱ्या दिवशी उशीला टेकून बसली. थंडोपंत खाटेजवळच्या स्टुलावर होते. तीन दिवसांत दाढीला हात लागला नव्हता.

"असं का केलंस?" त्यांनी विचारलं. रागावून विचारायचं ठरवलं होतं, पण तसं जमलं नाही.

"काय केलं?"

"अगं, बुरशी काढून खाल्लंस तू! मला सांगायचं तरी."

"सांगून काय केलं असतंत?" तिने शांतपणे विचारलं. "तुम्हाला ताजं लागतं. तळ दिसलेला चालत नाही. कचऱ्यात गेलेलं खपत नाही. मग उरलेलं जातं कुठे, हे एकतीस वर्षांत कधी मनात आलं नाही तुमच्या?"

थंडोपंतांच्या मनात खरंच आलं नव्हतं. एकदाही.

"तुमच्या आई होत्या तोवर आम्ही दोघी मिळून संपवायचो," ती म्हणाली. "त्या गेल्यावर मी एकटी राहिले."

"आई?"

"मग काय तर. तुम्हाला काय वाटलं, त्यांचं पोट एवढं का बिघडायचं?"

बाहेरून स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज येऊन गेला. आईच्या शेवटच्या वर्षांत थंडोपंतांनी किती डॉक्टर केले होते! वय झालं, असं सगळे म्हणत.

"पण तुझ्याही जिवावर का यावं एवढं टाकायला? एखादे दिवशी हळूच टाकून द्यायचंस. मला कळलंही नसतं."

ती म्हणाली, "नुसती तुमच्या धाकाने नाही खात. मलाच टाकवत नाही. मी सात वर्षांची असताना बाबांचा कारखाना बंद पडला, हे तुम्हाला माहीत आहे."

"हो. हाल झाले होते तुमचे."

"हाल म्हणजे काय, ते मी कधी सांगितलं नाही. आईने आम्हा भावंडांना वार लावून दिले होते. पातेलं चाटायचे वार. माझा सोमवार आणि गुरुवार. दुसऱ्याच्या वाराला पातेल्याकडे बघायचंसुद्धा नाही. बुधवारी रात्रीपासून मी गुरुवारची वाट बघायचे." तिने सलाइनची नळी बाजूला केली. "आणि धाकटी गेली ना आमची."

"तापाने गेली ती."

"सगळ्यांना तसंच सांगितलं आम्ही." तिने त्यांच्याकडे बघितलं. "ताप नव्हता."

एकतीस वर्षं एका ताटाशेजारी ताट मांडून जेवले होते थंडोपंत. जगात कोट्यवधी माणसं अर्धपोटी झोपतात, हे त्यांनी याच बाईला किती वेळा ऐकवलं असेल! आणि ती दर वेळी मान डोलवून गरम भात वाढत राहिली.

"शनिवारी तुम्ही छान बोललात," ती म्हणाली. "पोटात कळ येत होती म्हणून शेवटचं नीट ऐकता आलं नाही." तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच थंडोपंतांना ते सहन होईना. ते उठून व्हरांड्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

बायको नवव्या दिवशी घरी आली. किडनी सावरली, पण पोट कायमचं नाजूक झालं. त्याआधीच दाराचं रबर बदललेलं होतं, ते काम वीस मिनिटांचं होतं. भात मोजायला थंडोपंतांनी एक छोटी वाटी आणली. पहिल्या दिवशी भात कमी पडला, दुसऱ्या दिवशी जास्त झाला. उरलेला त्यांनी तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या ताटात वाढून घेतला. गार भाताचा पहिला घास त्यांच्या घशात अडकला. लेक हसली, "बाबा, पाणी घ्या," म्हणाली. मग भाजी घालून परतला की चांगला लागतो, हा शोध त्यांना वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी लागला.

पुढच्या महिन्यात ते वाचनालयात आपण होऊन गेले. म्हणाले, मला पाच मिनिटं द्या, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. आणि सगळं सांगितलं. डबे, बुरशी, तेरा अंश. आपल्या आईचंसुद्धा. टाळ्या पडल्या नाहीत. "कचऱ्याचा डबा रिकामा असला म्हणून हुरळून जाऊ नका," ते म्हणाले. "घरी जाऊन एवढंच विचारा, की आपल्याकडे उरलेलं कोण खातं." कितीतरी बायका आपल्या हातांकडे बघत होत्या. एक वयस्क गृहस्थ मधेच उठून निघून गेले. ते रागावून गेले की स्वतःचा फ्रिज बघायला, हे कोणालाच कळलं नाही.

बायकोची सवय मात्र एका दिवसात सुटली नाही. एकदा दुपारी थंडोपंत अचानक घरी आले, तर ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाटीतून काहीतरी घाईघाईने खात होती. त्यांना बघून तिने वाटी पाठीमागे लपवली, लहान मुलीसारखी. वाटीत परवाची आंबलेली डाळ होती.

"दे इकडे."

"थोडीच आहे हो. संपतच आली होती."

"दे म्हणतो ना."

तिने वाटी पुढे केली, पण कड सोडली नाही. दोघं तसेच उभे राहिले, एका वाटीला दोन्हीकडून धरून. मग तिने बोटं काढली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. थंडोपंतांनी कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. आईचा नियम आठवला, आईचं पोटही आठवलं. त्यांनी वाटी पालथी केली. डाळ पडली त्याचा लहानसाच आवाज झाला, पण ती दचकली.

"गेली?" तिने तिकडेच बघत विचारलं.

"गेली."

ती डोळे पुसत होती. थंडोपंतांनी वाटी धुऊन पालथी घातली, शेगडीवर पाणी ठेवलं आणि डाळीचा डबा शोधू लागले. तो कोणत्या फडताळात असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"वरच्या," ती म्हणाली. "आणि अर्धीच वाटी घ्या."